संध्याकाळचं रेनियम

आमच्या कारखान्यात रेनियम संध्याकाळी जास्त निघायचं आणि सकाळी कमी. चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत तो कारखाना होता. साल दोन हजार पाच-सहा. एखादा धातू सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं वागतो, हे तिथल्या डॉक्टरेट झालेल्या, परदेशात राहून आलेल्या, टाय लावणाऱ्या लोकांनी मान्य केलं होतं. मीही केलं होतं. मी टाय लावत नव्हतो, एवढाच फरक.

आधी काम काय होतं ते सांगतो. परदेशातून मॉलिब्डेनमचं खनिज यायचं. काळी पूड, बोटाला ग्रीससारखी लागणारी. ती भट्टीत भाजायची. त्या खनिजात रेनियम नावाचा एक फार दुर्मिळ धातू नावापुरता असतो. विमानाच्या इंजिनाच्या पात्यांत तो लागतो, म्हणून त्या वर्षांत त्याला एकदम भाव आला होता. खनिज भाजलं की रेनियम धुराबरोबर निघून जातं. म्हणून तो धूर एका उंच मनोऱ्यात पाण्याच्या फवाऱ्यांनी धुवायचा, म्हणजे रेनियम पाण्यात उतरतं. त्या मनोऱ्याला सगळे स्क्रबर म्हणत. पाण्यात रेनियम किती आलं, हे प्रयोगशाळेनं सांगायचं. प्रयोगशाळा म्हणजे आमचे प्रमुख आणि मी.

सांगायचं ते रंगावरून. नमुन्यात आम्ल घालायचं, मग थायोसायनेट, मग स्टॅनस क्लोराइड, आणि वीस मिनिटं थांबायचं. रेनियम असेल तर कोऱ्या चहासारखा तांबूस पिवळा रंग चढतो. जितकं रेनियम तितका रंग गडद. तो स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवला की यंत्र त्यातून प्रकाश सोडून किती अडला ते आकड्यात सांगतं. आकडा आलेखावर लावला की उत्तर मिळालं. अडचण एकच. मॉलिब्डेनमसुद्धा त्याच रसायनांशी जवळजवळ तसाच रंग देतं, आणि धुराबरोबर त्याची धूळही पाण्यात येते, रेनियमच्या कितीतरी पट. म्हणून ते आधी काढून टाकावं लागतं. नमुना काचेच्या फनेलमध्ये घ्यायचा, झँथेट नावाचं एक घाण वासाचं रसायन आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचा. मॉलिब्डेनम जांभळट लाल होऊन तळाच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. तो थर सोडून द्यायचा, नवा क्लोरोफॉर्म घालायचा, पुन्हा हलवायचं. तळाचा थर बिनरंगी दिसेपर्यंत हेच. साधारण पाच वेळा होतं. दर वेळी थर वेगळे व्हायला दहा मिनिटं थांबावं लागतं.

सकाळच्या पाळीचा नमुना दहाच्या सुमाराला यायचा. तो आम्ही निवांत, पाचदा हलवून करायचो. संध्याकाळच्या पाळीचा नमुना यायचा साडेचारला. आणि कंपनीची बस चेन्नईकडे सुटायची साडेपाचला.

पहिल्याच आठवड्यात मी साडेचारचा नमुना घेऊन तिसऱ्यांदा क्लोरोफॉर्म ओतत होतो, तेव्हा प्रमुख डबा पिशवीत घालत माझ्यामागे येऊन उभे राहिले. ते पुण्याचे. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती आणि ‘आपला माणूस’ म्हणून मला निवडलं होतं.

“अरे, कितीदा हलवतोयस? दही घुसळतोस का?”

“सर, पुस्तकात पाचदा...”

“पुस्तक लिहिणाऱ्याला गुम्मिडिपूंडीहून घरी जायचं नव्हतं. संध्याकाळी दोनदा पुरे. बाकीचं नंतर विरतं.”

काहीच विरत नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस हे वाक्य बोलला आणि मी “हो सर” म्हणालो.

का म्हणालो, तेही सांगायला हवं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील एस.टी.च्या वर्कशॉपात हेल्पर. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो, शिक्षकांनी शिकवणीची फी न घेता शिकवलं, जिल्ह्याच्या कॉलेजात एम.एस्सी. झालो. चेन्नईची नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. मी सगळ्यांचाच कृतज्ञ होतो. शिक्षकांचा, कंपनीचा, प्रमुखांचा, बसचासुद्धा. असा कृतज्ञ माणूस वरच्या लोकांना फार सोयीचा पडतो. तो विचारत नाही. त्याला विचारणं म्हणजे खाल्ल्या घराला नावं ठेवणं वाटतं.

तर मी रोज संध्याकाळी दोनदा हलवायला लागलो. तळाचा थर दुसऱ्यांदाही चांगला लाल असायचा. मी तो बघायचो आणि नळी बंद करायचो. पुढे कोऱ्या चहाचा सुंदर रंग यायचा, आकडा सकाळच्या दीडपट यायचा, मी तक्त्यावर लिहायचो आणि बस पकडायचो.

आता या फरकाचं कारण शोधायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते ऐका. प्रमुखांनी फनेलकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघितलं. चेन्नईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि तापलेलं शहर जरा निवतं. त्यावरून त्यांना सुचलं, की वाऱ्यानं स्क्रबरचं पाणी गार होतं आणि गार पाण्यात रेनियम जास्त उतरतं. नुंगंबाक्कमच्या मुख्य कार्यालयात त्यांनी यावर भाषण दिलं. पडद्यावर बंगालचा उपसागर, किनारा, आमचा कारखाना आणि समुद्रातून येणारा एक जाड निळा बाण. तो बाण मी कॉम्प्युटरवर काढला होता. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. संचालक इंग्रजीत म्हणाले, “सुंदर! निसर्ग आपल्यासाठी फुकट काम करतोय.”

मग सकाळच्या पाण्यासाठी थंड करण्याचं यंत्र बसवलं. सकाळचं पाणी संध्याकाळपेक्षा गार झालं. रेनियम तेवढंच राहिलं. परदेशात माल घेणाऱ्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात आमच्या संध्याकाळच्या आकड्यांपेक्षा पुष्कळच कमी रेनियम होतं. प्रमुख म्हणाले, खरेदीदार लबाड आहेत. वारा खोटा ठरला, गार पाणी खोटं ठरलं, खरेदीदार खोटा ठरवला. तरी फनेलकडे कुणी बघेना. उरला एक माणूस, सकाळच्या पाळीत स्क्रबर चालवणारा.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. पन्नाशी उलटलेले, बारीक, मिशा पांढऱ्या. राहायला चेन्नई शहरात, जॉर्ज टाउनच्या मागच्या गल्लीत. पहिल्या लोकलनं उलट्या दिशेला गुम्मिडिपूंडीला यायचे. मी एकदा आवारात आईशी फोनवर बोलत होतो, तर कौतुकानं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “चोखोट मराठी बोलतां तुम्ही.” त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. त्यांच्या मराठीत चांगलं म्हणजे चोखोट, सगळे म्हणजे अस्के, आणि चाल सगळी तमिळ. मला ती हुबेहूब लिहिता येत नाही, म्हणून पुढे त्यांचं बोलणं माझ्याच मराठीत देतो. ओळख झाल्यावर ते मला तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, म्हणायला लागले, आणि एकेरीवर आले.

अण्णांचं काम म्हणजे फवाऱ्यांच्या तोट्या साफ ठेवणं आणि पंपाचा दाब सांभाळणं. तोट्या तुंबल्या तर धूर न धुताच चिमणीतून जातो आणि रेनियम त्याच्याबरोबर. अण्णांच्या तोट्या कधी तुंबत नसत. ते घरून जुना टूथब्रश आणायचे. पण माणसं कमी म्हणून पाळ्या बदलत नसत. सकाळ नेहमी अण्णांची, संध्याकाळ दुसऱ्याची. पाळ्या एकदा अदलाबदल केल्या असत्या तर सगळा मूर्खपणा आठवड्यात उघडा पडला असता. शाळेतल्या पोरालाही ते सुचलं असतं.

त्याऐवजी अण्णांना मेमो मिळाला. सकाळच्या पाळीत सातत्यानं रेनियमची कमी वसुली, हलगर्जीपणा, दहा दिवसांनी नुंगंबाक्कमला हजर राहून खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त. अण्णांनी तो कागद माझ्याकडे वाचायला आणला.

“काढणार का रे?”

“तसं लिहिलंय.”

“आधीची खताची कंपनी बंद पडली तेव्हा तीन वर्षं घरी होतो. आता या वयात कोण घेतो? मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे.” मग कागदाची घडी घालत म्हणाले, “पण मी ब्रश रोज मारतो, तंबी. रोज.”

मला माहीत होतं. त्या क्षणी मला दुसरंही एक कळलं, जे मी दीड वर्ष न कळल्यासारखं केलं होतं.

दोन दिवसांनी आयुधपूजा होती. तिकडे त्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकू लावतात, हार घालतात आणि त्या दिवसापुरतं कुणी त्यांना वापरत नाही. फाटकात कुंकू भरलेला कोहळा फोडला. चुरमुरे आणि खोबरं घातलेल्या हरभऱ्यांचं सुंडल वाटलं. भट्टी तेवढी चालू, कारण ती थांबत नाही. बस एक वाजताच सुटली. प्रमुख बसमध्ये बसले. मी बसलो नाही. आदल्या दिवसाच्या सकाळ-संध्याकाळच्या नमुन्यांच्या बाटल्या मी बाजूला ठेवल्या होत्या.

दोन वाजता पाळी संपवून अण्णा कागदाच्या द्रोणात सुंडल खात प्रयोगशाळेत आले. मी स्पेक्ट्रोफोटोमीटरवरची झेंडूची माळ काढत होतो.

“अय्यो! आज हात लावायचा नाही. आज त्यांचा दिवस आहे.”

“तुमच्या पंपाला कुंकू लावलंय ना? मग तो का चालतोय?”

“पंप बंद केला तर भट्टी बंद पडेल. तुझं यंत्र बंद राहिलं तर काय बंद पडतं?”

“तुमची नोकरी.”

अण्णांनी द्रोण खाली ठेवला. मग त्यांनीच ती माळ माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवली. “सरी, ठीक. आधी पाया पड त्याच्या.”

मी यंत्राला हात जोडले आणि कामाला लागलो. चार फनेल. पहिल्यात संध्याकाळचा नमुना, दोनदा हलवून, रोजच्यासारखा. दुसऱ्यात तोच, पण पाचदा, थर बिनरंगी होईपर्यंत. तिसऱ्यात अण्णांचा सकाळचा, पण दोनदाच. चौथ्यात मी स्वतः बनवलेलं पाणी. त्यात नुसतं मॉलिब्डेनम, रेनियमचा कणही नाही. तेही दोनदा.

अण्णा स्टुलावर बसून बघत होते. चौथ्या फ्लास्कमध्ये रंग चढला, अगदी फर्मास, तेव्हा म्हणाले, “हे कुठलं? चांगलंच निघालंय.”

“यात रेनियम नाहीच. मी घातलंच नाही.”

“मग रंग कसला?”

“मॉलिब्डेनमचा. नीट काढलं नाही की तेच रेनियम दिसतं.”

बाकीचे आकडे वाचले. संध्याकाळचा नमुना पाचदा हलवल्यावर अण्णांच्या सकाळच्या आकड्यावर येऊन बसला. अण्णांचा सकाळचा दोनदाच हलवला तर संध्याकाळच्या बरोबरीला गेला. मी त्यांना एकेक समजावून सांगितलं. ते बोटांवर मोजत विचारत गेले.

“म्हणजे वारा नाही?”

“नाही.”

“गार पाण्याचं ते यंत्र?”

“काही नाही.”

“आणि मी तोट्या साफ करत नाही, ते?”

“तेही नाही.”

ते हसले. मग हसू मावळलं. “संध्याकाळचा नमुना कोण करतं?”

“मी.”

“तुला माहीत होतं?”

“दोनदाच हलवतो हे माहीत होतं. एवढा फरक पडेल हे माहीत नव्हतं. बघायला हवं होतं.”

अण्णांनी उरलेलं सुंडल एकेक दाणा करून खाल्लं, द्रोण चुरगळून टाकला आणि माळ पुन्हा यंत्राला घातली. प्रमुखांबद्दल मला जी तुच्छता वाटते ती मी मोकळेपणानं लिहितोय, तर हेही लिहायला हवं, की त्या दुपारी अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला तशीच लागू होती.

सुट्टीनंतर मी चार आकड्यांचा कागद प्रमुखांसमोर ठेवला. माझी समजूत होती की त्यांना पटवायला वेळ लागेल. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हा माणूस मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं.

“कुणाला दाखवलंस?”

“फक्त अण्णांना.”

“ठीक. आता असं कर. आजपासून आठवडाभर सकाळचे नमुनेही दोनदाच हलव. समांतर डेटा हवा. चार आकड्यांवर मी संचालकांसमोर कसा जाणार?”

मला ते फार शास्त्रीय वाटलं. मी आठवडाभर मनापासून दोनदा हलवलं. सकाळचे आकडे दीडपट झाले. मी ते सुवाच्य अक्षरात तक्त्यावर लिहिले आणि मनात म्हणत होतो, आता अण्णा सुटले. आतासुद्धा हे लिहिताना मला त्या उत्साही तरुणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

नुंगंबाक्कमच्या कार्यालयात अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. कपाळाला विभूती. मला प्रमुखांनी तक्ते आणि प्रोजेक्टर सांभाळायला नेलं होतं. एसी इतका गार, की अण्णांनी दोन्ही हात काखेत घेतले होते. संचालकांनी तमिळमध्ये दोन प्रश्न विचारले, अण्णांनी तोट्या, दाब, ब्रश असं सगळं सांगितलं. मग प्रमुख उठले आणि इंग्रजीत बोलायला लागले. पडद्यावर आलेख आला. सकाळची रेघ दीड वर्ष खालूनच चालत होती आणि शेवटच्या आठवड्यात टुणकन उडी मारून संध्याकाळच्या रेघेला जाऊन भिडली होती.

“मेमो दिल्यापासून,” प्रमुख म्हणाले, “सकाळच्या पाळीच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा झालेली आहे.”

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्या रेघेतला शेवटचा प्रत्येक ठिपका माझ्या हातचा होता.

संचालक खूश झाले. “बघा, थोडा दट्ट्या दिला की माणसं काम करतात!” टेबलाभोवतीचे अस्के हसले. अण्णाही हसले, कारण त्यांना इंग्रजी कळत नव्हतं आणि सगळे हसत होते. ठरलं ते असं, की सुधारणा लक्षात घेऊन नोकरीवर ठेवावं, ताकीद देऊन. तसं पत्र द्यावं आणि त्यावर अण्णांची सही घ्यावी. शिवाय प्रयोगशाळेनं यापुढे दोन्ही पाळ्यांसाठी ‘एकसमान पद्धत’ वापरावी. म्हणजे दोनदा. सगळ्यांसाठी, कायमचं.

मी काय बोललो? काही नाही. माझा प्रोबेशनचा काळ डिसेंबरात संपत होता. मी वायर गुंडाळली.

खाली रस्त्यावर आल्यावर अण्णांनी टपरीवर दोन कॉफ्या सांगितल्या. पितळेच्या डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, फेस आला होता.

“नोकरी राहिली ना? चोखोट झालं. तूच आधी संचालकांना सांगितलंस ना?”

“नाही अण्णा.” मग मी सगळं सांगितलं. मेमोचा दट्ट्या, सुधारणा, ताकीद.

त्यांनी डबरा खाली ठेवला. “सुधारणा? मी काय सुधारलं?”

“काही नाही.”

“मी जे करत होतो तेच करतोय. मग त्या कागदावर सही केली तर त्याचा अर्थ काय होईल? आधी दीड वर्ष मी हरामाचं खाल्लं?”

“सही केली तर नोकरी राहते...”

“नोकरी तुम्ही घालवली होती, तंबी. तुमच्या बसपायी. आता तुम्हीच परत देताय आणि वर मी सही करून आभार मानायचे?” ते ओरडले नाहीत. टपरीवाल्याला त्यांनी शांतपणे पैसे दिले, माझ्या कॉफीचेही, आणि स्टेशनकडे चालायला लागले.

त्यांनी सही केली नाही. पत्र त्यांच्या खिशात आठवडाभर फिरलं. कर्मचारी विभागातून दोनदा बोलावणं आलं; तिसऱ्या वेळी सही नाही तर पगार थांबेल असं सांगितलं. प्रमुख मला म्हणाले, “तुझ्या मित्राला जरा समजाव ना. मराठी माणसाला ताठा फार.” ते स्वतः पुण्याचे होते आणि समुद्राच्या वाऱ्याचा बाण अजून त्यांच्या केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

त्या संध्याकाळी मी संचालकांच्या नावानं इंग्रजीत एक पानभर पत्र लिहिलं. माझं इंग्रजी आजही पुस्तकी आहे, तेव्हा तर अर्जाच्या नमुन्यासारखं होतं. दीड वर्ष संध्याकाळचे नमुने मी स्वतः दोनदाच हलवले, मॉलिब्डेनम राहिलं, आकडे खोटे आले. सकाळचे खरे होते. गेल्या पंधरा दिवसांतले दोन्ही खोटे आहेत. स्क्रबर चालवणाऱ्या कामगाराचा काही दोष नाही. खात्री करायची असेल तर पाळ्या बदलून बघाव्यात किंवा मॉलिब्डेनमचं नुसतं पाणी माझ्याकडून तपासून घ्यावं. खाली चार आकडे आणि माझी सही. पत्र प्रमुखांमार्फत न पाठवता मी सुट्टीच्या दिवशी नुंगंबाक्कमला जाऊन आवक-जावकच्या कारकुनाकडे दिलं आणि पोच घेतली.

दोन दिवसांनी संचालकांचा फोन प्रयोगशाळेत आला. मला वाटलं पद्धतीबद्दल विचारतील. त्यांनी एकच विचारलं.

“तुला नक्की काय हवंय?”

“मेमो मागे घ्यावा, सर.”

“आणि तुझ्यासाठी?”

“माझ्यासाठी काही नाही.”

 ज्याला स्वतःसाठी काही नको, त्या माणसाचं काय करायचं हे त्यांना सुचत नसावं. “हे पत्र आणखी कुठं जाणार नाही ना? खरेदीदाराकडे वगैरे?” म्हणजे वाचलं होतं, आणि समजलंही होतं. मी नाही म्हणालो. फोन ठेवला गेला.

पाचदा हलवायची पद्धत काही परत आली नाही. मी होतो तोपर्यंत तरी नाही. माझं प्रोबेशन सहा महिने वाढवलं आणि ते संपायच्या आत मी दुसरीकडे गेलो. प्रमुख पुढे उपाध्यक्ष झाले असं ऐकलं. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

अण्णांना मात्र नवं पत्र मिळालं. पाळीतूनच, रबरी बूट घालून, ओल्या हातांनी धरून ते माझ्याकडे घेऊन आले. मी वाचून दाखवलं. एकच ओळ होती. आधीचा मेमो आणि त्यानंतरचं पत्र रद्द समजण्यात यावं.

“कारण?”

“दिलेलं नाही.”

“माझी चूक नव्हती, असं कुठं आहे?”

“तसं लिहिलेलं नाही, अण्णा.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, हात शर्टाला पुसले आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. “मग तू सांग. मी लिहितो.”

“मी लिहून देतो ना.”

“तुझी ती मराठी अक्षरं आमच्या घरात कुणाला वाचता येतात? मुलीला दाखवायचंय मला. सांग.”

मी सांगत गेलो. स्क्रबर नीट चालला होता. तोट्या साफ होत्या. चूक प्रयोगशाळेची होती. ते माझं एकेक मराठी वाक्य पुटपुटत त्या पत्राच्या पाठीमागे तमिळ अक्षरांत उतरवत होते, आणि मध्ये थांबून विचारत होते, “प्रयोगशाळेची का तुझी?”

“माझीही लिहा.”

त्यांनी ते घातलं. मग पेन माझ्या हातात दिलं आणि शेवटच्या ओळीखालची जागा बोटानं दाखवली. एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं. मी तिथे सही केली. शाई वाळायची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता, कारण पंपाचा दाब बघायचा होता. ते कागदावर फुंकर मारतच बाहेर गेले.